मागून आणलेले झगे

शकुंतलाबाई शिंपीण कोणाच्या नजरेत भरावी अशी बाई नव्हती. बुटकी, सावळी, आणि एक डोळा कायम बारीक केलेला. सुईत दोरा ओवता ओवता तो डोळा तसाच राहून गेला, असं ती स्वतःच सांगायची. गोंदियाला लागून फुलचूर आहे, तिथे तिचं घर. नवरा केशोराव गोंदियाच्या बाजारात चुन्नीलाल शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसे. ही घरी हातमशीनवर लहान पोरांचे कपडे शिवी. केशोराव म्हणायचा, "माह्या घरी दोन मशीना हायेत. एक हात काढला का थांबते. दुसरी तिच्या तोंडात हाय, थांबतच नाही."

मला लिहायची सवय नाही. दुसरीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. पण या बाईबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहून राहिले. अक्षर लागेल तसं लावून घ्या.

आमचं गाव दवनीवाडा. धानाच्या बांध्या, एक बैलजोडी, घरात सासू सुमित्राबाई आणि आम्ही नवरा-बायको. माझ्या मालकांचं नाव टिकाराम. ते होते तोवर मी हे नाव तोंडातून काढलं नाही. आता लिहिते, रागवायला ते नाहीत. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं.

माझी पहिली दोन लेकरं गेली. एक पाळण्यातच, एक चालायला लागल्यावर. तिसरा चैत्रात झाला म्हणून चैतराम. तो झाला त्याच दिवशी सासूने सांगून टाकलं, "याच्या आंगाले नवं कापड लावाचं नाही." आमच्याकडे ही रीतच आहे. ज्या घरची पोरं धडधाकट आहेत, त्या घरून त्यांचे वापरलेले कपडे मागून आणायचे आणि आपल्या लेकराला घालायचे. वरून नेणारा पाहायला आला तर त्याला वाटावं, हा त्या घरचा, या घरात तर पोरगा नाहीच. सासू स्वतः पदर पसरून दारोदार जायची. एरवी कोणापुढे वाकणारी बाई नव्हती ती. त्यामुळे चैतू पाच वर्षांचा झाला तरी त्याचा एक सदरा गुडघ्याखाली, दुसरा बेंबीच्या वर. गावातली पोट्टी त्याला उसना नवरदेव म्हणायची.

त्या वर्षी धान कापणीला आला आणि चैतू तापाने पडला. खोकला, मग धाप. काढे झाले, अंगारा झाला. ताप जरा उतरला, आम्हाला वाटलं सुटलो, आणि तो पुन्हा चढला. आता पोरगा एका कुशीवर झोपेना, श्वास घेताना नाकपुड्या फुलायच्या, ओठ जांभळे. मालकांनी बैलबंडी जुंपली. सासूने शेजारच्या भैय्यालालच्या घरून मागून आणलेला निळा सदरा त्याच्या अंगात घातला आणि आम्ही गोंदियाला निघालो. वाटेत मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. बंडी दगडावरून गेली की माझा हात हले आणि मला कळेना, त्याची छाती हलली की बंडी.

गोंदियाला तेव्हा एका दानशूर माणसाने बांधून दिलेला एक छोटा दवाखाना होता. आता ती इमारतही नाही. डॉक्टरांनी चैतूच्या पाठीवर बोटं वाजवून पाहिली आणि मालकांना बाजूला घेतलं. छातीत पू झाला होता. बरगडीखालून छेद देऊन रबराची नळी बसवली, ती खाली बाटलीत सोडली. डॉक्टर शांत माणूस होते, आम्हाला समजेल असं बोलले. "पू सगळा बाहेर येईपर्यंत नळी निघणार नाही. आणि तोवर हा इथून हलणार नाही. घरी नेला तर नळी बुजेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

सगळं ऐकून मी मान हलवली. मग खाटेकडे पाहिलं.

निळा सदरा नव्हता. चैतूच्या अंगावर कोरं पांढरं कापड होतं.

दवाखान्याचा झगा होता तो, मांजरपाटाचा, सगळ्याच पोरांना असायचा. पण पांढरं कोरं कापड लेकराच्या अंगावर कधी घालतात हे मी दोनदा पाहिलेलं. मी सिस्टरला म्हटलं, "बाई, त्याचा सदरा द्या ना."

"वो? वो तो पूरा पीप से भरा था. जला दिया," ती म्हणाली. वाईट नव्हती ती, कामात होती.

आमची सासू बंडीपाशीच थांबली होती, तिला मी हे सांगितलंच नाही. दवाखान्याचा वास तिला सोसत नव्हता, हे माझ्या पथ्यावर पडलं.

त्या खोलीत आठ-दहा खाटा असतील. एकीवर चिचगडकडची एक पोरगी, चुलीत पडून पाय भाजलेली. एका पोराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. सगळी पांढऱ्या झग्यात. सगळ्यांच्या आया खाली जमिनीवर बसलेल्या, आणि कोणी कोणाशी बोलायची नाही. मी एकटीच घाबरले असं मला वाटत होतं. हळूहळू दिसलं की प्रत्येकीने झग्यावर काही ना काही टाकलं होतं. कोणी आपल्या लुगड्याचा पदर, कोणी टॉवेल. पांढरं झाकायला.

त्यात तो झगा डोक्यातून घालायचा. सकाळ-संध्याकाळ नळीपाशी पट्टी बदलायची तर आधी हात वर करून झगा काढा. हात वर झाला की चैतू ओरडे. ओरडला की खोकला, खोकला आला की नळी ओढली जाई. मी त्याचे पाय धरून बसे आणि डोळे मिटून घेई.

असंच एकदा चालू असताना दारातून आवाज आला, "अवो बाई, हे कोन शिवलं? जरा मानूस पाहून तरी शिवाचं!"

दारापर्यंत तिला घेऊन आलेली सिस्टर म्हणाली, "तुमने ही तो सिया है, शकुंतलाबाई."

"मीच? मंग तर मलेच झोडा," असं म्हणत ती आत आली. काखेत गाठोडं. दवाखान्याच्या झग्यांचं काम केशोरावला मिळालं होतं आणि शिवायची ही. पण मोजमापाचा कागद घरी येई आणि झगे घरून जात, पोरांच्या अंगावर तिने ते कधी पाहिलेच नव्हते. आज केशोरावचं अंग दुखत होतं म्हणून पोहोचवायला ती आलेली. खाटेपाशी उकिडवी बसली, नळी पाहिली, कुठून निघते, कुठे जाते. चैतूला म्हणाली, "काऊन रे पोट्ट्या, गाय दोहून राहिले का तुही?"

चैतू रडता रडता बाटलीकडे पाहायला लागला. त्याला खरंच वाटलं असेल.

दोन दिवसांनी ती नवा झगा घेऊन आली. एक बगल वरपासून खालपर्यंत उघडी, तिथे कापडाचे बंद. दोन्ही खांद्यांवरही बंद. बटण एकही नाही. पोराला न हलवता झगा खालून सरकवायचा, वरून पांघरायचा, बंद बांधायचे. डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "बंद नळीच्या बाजूला नको, दुसऱ्या बाजूला घ्या. गाठ टोचेल." तिने तिथेच बसून उसवून दुसरीकडे लावले. त्या संध्याकाळी पट्टी बदलताना चैतू ओरडला नाही, नुसता कण्हला. मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले.

ती निघताना मी हळूच म्हटलं, "बाई, बाकी सगडं चांगलं केलं. पन कोरं पांढरं हाय हो."

तिने खोलीभर नजर फिरवली. कोणाकोणाच्या अंगावरचे पदर, टॉवेल पाहिले. तिच्या लक्षात आलं. आपल्या हाताने एवढ्या लेकरांना आपण काय नेसवून ठेवलं, हे तिला तेव्हा दिसलं. गाठोडं घेऊन गेली.

आता ती काय करणार? कोऱ्या कापडाला हळद लावली की ते कोरं राहत नाही, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. कोपऱ्याला बोट लावतात. शकुंतलाबाईला वाटलं, एवढी आजारी लेकरं, बोटाने काय होणार? तिने सगळे झगे घरी नेऊन हळदीच्या पाण्यात बुचकळले. परत आणले तेव्हा खोलीत मोहरी फुलल्यासारखं झालं. फुगलेल्या पोटाच्या पोराची आई हसली. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. भाजलेल्या पोरीची माय, चिचगडची बाई, म्हणाली, "आता पाहावंसं वाटते माय." मी चैतूवर टाकलेला पदर काढून घेतला. दोन दिवस बरे गेले. तापही जरा कमी वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला मागच्या अंगणात गेले. दोरीवर धुतलेले झगे वाळत होते.

लाल. सगळे लाल. कुठे गडद, कुठे फिके, आणि खालच्या काठाने लाल पाणी ठिबकत होतं. लहान लहान झगे, बाह्या पसरलेले.

माझ्यामागून चिचगडची बाई आली, तिने ते पाहिलं आणि तिथेच तोंडावर पदर दाबला.

तुम्ही म्हणाल, हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे बायकांना कळू नये? कळते. चुना घातला की हळदीचं कुंकू होते हे आम्ही पोरपणीच पाहिलेलं. पण लेकरू खाटेवर असलं की डोकं कुठे राहते? आणि शकुंतलाबाई तर फक्त शिवायची. धुणारा माणूस वेगळा. दवाखान्यात सगळे कपडे सोड्यात उकळतात, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तिने हळद लावली, हे धुणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरने परोपरीने समजावलं. "अरे हल्दी है, खून नहीं है!" पण खून हा शब्द खोलीत एकदा निघाला तो निघालाच. चिचगडच्या बाईने पोरीला खांद्यावर टाकलं आणि गेली. डॉक्टर धावत फाटकापर्यंत गेले, ती थांबली नाही. त्या पोरीचं पुढे काय झालं मला कधी कळलं नाही. अजूनही कोणी चिचगडचं भेटलं की विचारावंसं वाटते, आणि मी विचारत नाही.

मधले दिवस मालक आणि सासू कापणीसाठी गावी गेले होते, नेमकी त्याच सकाळी दोघं बंडी घेऊन आलेली. दोरीवरचे झगे सासूला आधी दिसले. आत आली, वास-बीस सगळा विसरून. चैतूच्या अंगावर काय आहे ते पाहिलं आणि मला म्हणाली, "सदरा कोठी हाय?"

मी सांगितलं.

"जाळला? भैय्यालालच्या घरचा सदरा जाळला? मंग आता हा कोनाचा हाय? आपलाच ना? उघडा पाडला तू त्याले!" आणि मालकांकडे वळून, "टिकाराम, उचल पोराले."

मालक माझ्याकडे पाहायला लागले. नळी काढून नेलं तर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांनीही ऐकलं होतं. आणि अशा आपल्याच कोऱ्या कापडात ठेवलं तर काय होईल, हे आमच्या मागच्या दोन लेकरांनी सांगितलं होतं. मी खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरली. न्या म्हणावं तरी भीती, नका म्हणावं तरी भीती.

तेवढ्यात शकुंतलाबाई आली. कोणीतरी फुलचूरला निरोप पोहोचवला असणार. चपला हातात, पायांना धूळ, धापा टाकत. दोरीवरचे झगे पाहून आली होती. मला वाटलं, आता ही हसून काही बोलेल. पण तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती सरळ सासूपुढे बसली. "माय, मले मारा. पन पोराले हलवू नोका."

"तू कोन?"

"ते झगे माह्या हातचे."

"तुह्या हाताले का आग लागली होती?"

"लागली होती ना माय. शिकवलं नाही कोनी मले." मग तिने विचारलं, "घरी हा काय घाले?"

सासू सांगेना. मी सांगितलं. मागून आणलेलं घालतो, दुसऱ्यांच्या पोरांचं.

शकुंतलाबाईने ऐकून घेतलं. मग उठली. "बंडी आत्ता हाकू नोका. बैलाले चारा टाका. मी सांजेच्या आत येतो. नाही आली तं घेऊन जा. मी बोट नाही उचलनार."

सासू खाटेपाशी मांडी घालून बसली. मालकांनी बैल सोडले.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब दिवस. ऊन खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर आलं. सासू उन्हाकडे पाही, मी दाराकडे.

तिने काय केलं ते तिने मला नंतर सांगितलं. आधी दुकानामागच्या चुन्नीलाल शेठच्या घरी गेली, त्याला चार पोरं, सगळी गुटगुटीत. शेठाणीला म्हणाली, पोरांचे जुने कपडे द्या, दवाखान्यातल्या पोरांसाठी. शेठाणी दचकली. "मेरे बच्चों के पहने हुए? बीमार बच्चों को? ना बाबा, बला इधर आ जाएगी तो?" आमच्या गावात मागणाराही शेजारचा, देणाराही शेजारचा. इथे कोणाच्या अंगावर जाणार, कोणालाच ठाऊक नाही. शकुंतलाबाई म्हणाली, "बाई, बला ऐसी आती तो मैं शिंपीन कब की मर जाती. सारे गोंदिया का पसीना सिया है मैंने." शेठाणी हसली, तरी देईना. तेव्हा हिने ओट्यावर पदर पसरला आणि बसूनच राहिली. दुकानात गिऱ्हाईक यायची वेळ झाली. शेवटी चुन्नीलाल शेठच ओरडला, "अरे दे दो भई, नहीं तो ये यहीं दुकान खोल देगी!"

एका घरी मिळालं की दुसऱ्या घरी सांगता येते, शेठाणीने दिलं. अशी ती फिरली. काही घरी कुत्रं सोडलं, काही घरी दार लावलं. मग घरी जाऊन नवरा-बायकोंनी मिळून कापलं-शिवलं, पाण्यात उकळलं, आणि चुलीच्या धगीवर धरून सुकवलं.

ऊन खाटेखाली शिरलं तेव्हा ती आली. झगा अजून दमट होता. पुढचा भाग शेठच्या पोरीच्या फ्रॉकचा, हिरवा, त्यावर लाल चोचीचे पोपट. पाठ कोणाच्या तरी पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याची. एक बाही पिवळी. बंद चार रंगांचे.

सासूने तो हातात घेतला. नाकाला लावला. शिवण उलटी करून पाहिली, कापड खरंच वापरलेलं आहे की नाही. कोपर झिजलेलं होतं तिथे बोट फिरवलं. "कोनाच्या घरचं?"

"पोपट चुन्नीलाल शेठच्या. चार लेकरं, चारही जितीजागती. पाठ रेल्वेच्या लोको शेडमधल्या फिटरच्या घरची, त्याले पाच. बाही माह्या जावेची. तिचा पोट्टा तं मारून बी मरत नाही."

सासूने मान हलवली. आम्ही दोघींनी तो चैतूच्या खालून सरकवला. चैतूने डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि किती दिवसांनी तो स्पष्ट बोलला, "मी नाही घालत. पोरीचा हाय."

"घाल रे माह्या बापा," सासू म्हणाली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "आता तं तू आमचा कोनीच नाहीस."

मालकांनी तिला एकटीलाच बंडीत बसवून घरी नेलं.

चैतू वाचला. लगेच नाही. मध्ये एकदा नळी बुजली, पुन्हा ताप चढला, पुन्हा मी खाटेची पट्टी धरली. पण बाटलीतला पू कमी कमी होत गेला, पाण्यासारखा झाला, आणि एक दिवस डॉक्टरांनी नळी काढली. त्या वेळेपर्यंत खोलीत एकही पांढरा झगा उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, उकळलेले आहेत ना, बगल उघडी आहे ना, मग पोपट असोत की मोर. धुणाऱ्याला शकुंतलाबाईने स्वतः सांगितलं, हळद नाही आता, टाक लेका सोडा पाहिजे तेवढा. पोट फुगलेला तो पोरगा मात्र गेला. त्याच्या अंगावरही मागून आणलेलाच झगा होता. त्या दिवशी शकुंतलाबाई आली, त्याच्या आईजवळ बसली. मग गाठोडं उचलून पुन्हा मागायला गेली.

पुढे कित्येक वर्षं तिने हेच केलं. कोणत्या घरचं कापड कोणत्या पोराच्या अंगावर गेलं, ते पोरगं राहिलं की गेलं, हे ती देणाऱ्याला कधी सांगत नसे. खोदून विचारलं तर पाऊसपाण्याचं बोलायला लागे.

वर्षभराने ती आमच्या दवनीवाड्याच्या अंगणात उभी राहिली. सासूने पाट टाकला, चहा दिला. चहा संपला तरी उठेना. मला कळलं ती कशाला आली.

"एक पोरगी हाय दवाखान्यात," ती म्हणाली. "तिले बी नळी बसवली. तिच्या मायनं विचारलं, या खाटेवरून कोनी घरी गेलं का? मी म्हनलं, गेला. तं म्हने, त्याच्या आंगावरचं आना."

सासू ताडकन उठली. "नाही. दुसरं काई बी माग."

"दुसरं नाही पाह्यजे माय."

"त्याच्या आंगावरचं गेलं आनं त्याच्यासंगं..." सासूने पुढचं तोंडातच ठेवलं. ज्या बाईने अख्ख्या गावात पदर पसरला होता, तिला त्या दिवशी कळलं असावं, की देणाऱ्या बायांना आपापल्या उंबऱ्यावर काय काय वाटलं असेल. कारण ती खाली बसली आणि माझ्याकडे पाहिलं. द्यायचं की नाही, हे तिने माझ्यावर टाकलं.

चैतू गोठ्यापाशी वासरासोबत खेळत होता. मी त्याला हाक मारली. गावातल्या बकारामच्या घरून आणलेला सदरा होता त्याच्या अंगात. मी हात वर करायला सांगितलं, त्याने केले. सदरा डोक्यातून काढला तेव्हा बरगडीखाली नळीची खूण दिसली, शिंपल्यासारखी. बाही डोक्यात अडकली. शकुंतलाबाईने मदत केली नाही. पदर पसरून उभी राहिली, बस.

मी सदरा तिच्या पदरात टाकला.

ती बांधाबांधाने दिसेनाशी होईपर्यंत मी दारात होते. आत आले तर सासू चैतूच्या कपाळावर हात ठेवून बसलेली. तिने काढला की मी ठेवला. मी काढला की पुन्हा तिने. सूर्य बुडेपर्यंत आमचं हेच चाललं. शेवटी चैतू आमचे हात झटकून उठला. "मले ताप नाही हो! सोडा ना मले!" म्हणाला, आणि उघडाच वासरामागे पळाला.